बुवांचे फायटिंगचे पिक्चर

बुवा थेटरात पडद्याकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघत. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का, मांडीवर घडी केलेलं उपरणं, आणि समोर एकटा हिरो वीस गुंडांना लोळवतोय. आजूबाजूला पॉवरलूमवरची शिफ्ट संपवून आलेले कामगार शिट्ट्या मारत. बुवा मान तिरकी करून त्यांचे चेहरे न्याहाळत. मध्यंतरात शेजारच्याला विचारत, "भाई, मारामारी में नहीं रोया, मां ने डब्बा दिया तब क्यों रोया?" तो बिचारा लाजून हसे.

भिवंडीत टेमघरला राहणारे हे बुवा दशक्रियेचं प्रवचन करायचे. आमच्याकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी घाटावर पिंडदान चालतं आणि बाजूच्या मंडपात प्रवचन. मी काल्हेरच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या हाताखाली शिकायचो. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. "सुपरवायझर, चल शिकवनीला," म्हणाले की समजायचं, नवा फायटिंगचा पिक्चर लागलाय. ग्रंथ सोडून हे कसलं शिक्षण, असं मला वाटे.

"पहिल्या फायटीच्या आधी हिरो काय करत होता, ते बघ," ते सांगत. "बहिनीच्या सायकलची चेन बसवत होता. म्हनून पुढं त्याला मार बसला का आपल्याला लागतो. आत्मा अमर हाय, ते लोकांना ठावं हाय रं. गेला तो कोन होता, ते आधी सांग." म्हणून ते दशक्रियेच्या आदल्या दिवशी त्या घरी जाऊन बसत, चहा घेत आणि गेलेल्या माणसाच्या बारीकसारीक गोष्टी विचारत. माझी घाई त्यांना मुळीच खपत नसे. "इंटरवलपर्यंत हिरोला मार खाऊ दे. तू उभा राहिल्या राहिल्या धीर देतोस. आधी त्यांचं मोठं नुकसान झालंय, ते कबूल तरी कर."

मी हे सगळं ऐकलं, केलं मात्र नाही. दापोड्याला एका ड्रायव्हरच्या दशक्रियेला बुवांनी मला उभं केलं. ड्युटीचं कारण सांगून मी आदल्या दिवशी त्या घरी जायचं टाळलं होतं. श्रद्धांजली वाहणाऱ्या पुढाऱ्यांची यादी मी पदांसकट वाचली, मग पाठ केलेलं प्रवचन सुरू केलं, आणि भरात येऊन आदल्या आठवड्यातल्या मयताचं नाव घेतलं. पुढे बसलेल्या ड्रायव्हरच्या बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुवांनी माझ्या हातातला माईक घेतला. "चूक माजी हाय, मीच याला उभा केला," म्हणून हात जोडले. आणि तो ड्रायव्हर ट्रक काढण्याआधी दारातल्या कुत्र्याला रोज अर्धी भाकरी घालायचा, इथून सुरुवात केली. ती बाई तेव्हा रडली. दहा दिवसांत पहिल्यांदाच, असं तिच्या जावेने नंतर सांगितलं. परतताना बुवा रागावले नाहीत, याचाच मला जास्त त्रास झाला.

काही वर्षांनी काकी, बुवांची बायको, झोपेतच गेल्या. बुवांनी मला निरोप धाडला, "दशक्रियेला तू बोल." या वेळी मी चुकणार नव्हतो. आदल्या दिवशी वही घेऊन त्यांच्यापुढे बसलो.

"बुवा, काकींचं सांगा. काय आवडायचं त्यांना? कशाला हसायच्या?"

बुवांनी उपरण्याची घडी मोडली, पुन्हा घातली. "चांगली होती," म्हणाले. मग म्हणाले, "मना न्हाय ठावं, सुपरवायझर. सकाळी मी कोनाच्या तरी घाटावर, संध्याकाळी कोनाच्या तरी घरी. हिला विचारायचं राहूनच गेलं."

जन्मभर दुसऱ्यांच्या माणसांची विचारपूस केलेला हा माणूस! मला त्यांचा राग आला, आणि त्याच क्षणी त्यांना धरून रडावंसंही वाटलं. वही घेऊन मी सुनेकडे गेलो, मग शेजारणींकडे.

दुसऱ्या दिवशी पुढाऱ्यांची यादी मी वाचलीच नाही. बुवा श्रोत्यांत बसले होते. मी सांगितलं, की काकी शेजारच्या लूमवाल्याच्या बायकोकडून हिंदी शिकल्या आणि पुढे तिच्याशी भांडल्याही हिंदीतच. दुपारी घर निजलं की नातवाच्या पाटीवर स्वतःचं नाव गिरवत. सून आली की पुसून टाकत. बुवांचं प्रवचन जवळपास असलं की बायकांच्या मागे येऊन बसत, आणि ते संपायच्या आत घरी जाऊन चहाचं आधण ठेवत.

बुवांनी हे ऐकलं आणि उपरणं तोंडाशी धरलं.

प्रवचन संपलं. लोक उठले, मंडपवाले खुर्च्या गोळा करू लागले. बुवा जागचे हलले नाहीत. मी जवळ गेलो, तर माझा हात धरून म्हणाले, "आनखी सांग ना रं तिचं."

माझी वही संपली होती.