माझं डबडं आणि तिचा नंबर

स्मार्टफोन विकला तेव्हा वाटलं होतं, सुटलो एकदाचा. त्याच्याऐवजी हातात मावेल असा एक छोटा कॉम्प्युटर घेतला. खाली बारीक बटणांचा कीबोर्ड, वर पत्त्याएवढा स्क्रीन. त्यात सिमकार्ड बसत नाही, त्यामुळे फोन येत नाहीत, आणि मला नेमकं तेच हवं होतं. सातपूरच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. जेवणाच्या सुट्टीत सगळे माना खाली घालून बोटं सरकवत बसायचे, तेव्हा मी डब्याशेजारी माझं यंत्र उघडून दोन पानं लिहायचो. त्यांच्याकडे बघून मला कीव यायची. कीव कसली, माज होता तो.

बायको त्या यंत्राला डबडं म्हणायची. "तुमचं डबडं चार्ज झालंय, काढा आता," असं स्वयंपाकघरातून ओरडायची आणि मी हसायचो.

आता खरं सांगतो. ते डबडं तिच्या फोनवर चालायचं. इंटरनेट तिच्या हॉटस्पॉटचं. बँकेत, गॅसवाल्याकडे, कुणीही नंबर मागितला की मी बेधडक तिचा द्यायचो. कारखान्याच्या लँडलाइनवरून घरी फोन लावून म्हणायचो, "ओटीपी आलाय बघ, सांग पटकन." ती कणकेचे हात पुसून आकडे वाचून दाखवायची. पाण्याचा टँकर कधी येणार हे सोसायटीच्या ग्रुपवर तीच बघायची. माझ्या काकांच्या तब्येतीची चौकशीही तीच करायची आणि संध्याकाळी मला थोडक्यात सांगायची. मी मात्र चारचौघांत छाती काढून म्हणायचो, माझं फोनवाचून काही अडत नाही.

चाळिशी ओलांडल्यावर तिने ग्रंथपालाचा कोर्स केला. इंदिरानगरमध्येच, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक शाळा आहे. तिथे ग्रंथपालाची जागा निघाली आणि तिने अर्ज दिला. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने स्वतःसाठी काही मागितलं होतं. पुढचे पंधरा दिवस ती फोन जवळून हलवत नव्हती. आंघोळीला जातानासुद्धा दाराबाहेर स्टुलावर ठेवायची.

त्याच दिवसांत माझा एक लेख वाचून मला एका कॉलेजातून निरोप आला, अर्थात तिच्याच फोनवर. मुलांशी ऑनलाइन बोलायचं होतं. विषय, स्मार्टफोनशिवाय जगणं. कारखान्याचं वायफाय आमच्या खाजगी यंत्रांना मिळत नाही. सकाळी निघताना मी म्हटलं, "आज तुझा फोन नेतो."

"आज नको हो. शाळेचा फोन यायचाय."

"आला तर मी घेईन ना. लगेच लँडलाइनवरून शेजाऱ्यांकडे फोन करून तुला कळवतो."

तिने दिला. देताना तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं होतं. पाहिलं नाही असं म्हणणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिच्या हॉटस्पॉटवर डबडं जोडून बोलायला सुरुवात केली, त्याला पाच मिनिटं झाली असतील. फोन टेबलावर थरथरला. अनोळखी नंबर. कर्ज घ्या म्हणून मागे लागणारे असतील, असं समजून कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा कट करताना मुलांना म्हणालो, "बघा, ही असली कटकट माझ्या आयुष्यात नाही." मुलं हसली. मलाही बरं वाटलं.

संध्याकाळी मी घरी आलो, तर मी चप्पल काढायच्या आधीच तिने माझ्या हातातून फोन घेतला. यादी पाहिली आणि उभ्या उभ्या नंबर लावला. शाळेच्या कारकुनाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मॅडम, तीनदा केला. तुम्ही कट करत होता. सरांना आजच मुलाखत घ्यायची होती. मग यादीतल्या पुढच्या मॅडमना बोलावलं. त्यांचं नक्की झालं."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. ओरडली असती तर मी भांडलो असतो, माझी तयारी होती. ती नुसतं म्हणाली, "अर्जावर माझा नंबर लिहिला होता मी. तो माझा होता कुठे?" मग तिने कुकर लावला.

मी माफी मागितली, दोन-तीनदा मागितली. स्वतःची इतकी चीड मला त्याआधी कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेतही जाऊन आलो. कारकून सभ्यपणे म्हणाला, आता काही होणार नाही.

आठवड्याभराने तिने आपला फोन माझ्यापुढे ठेवला. "हा ठेवा तुम्ही. सगळीकडे तुमचा म्हणून हाच दिलाय." स्वतःसाठी तिने बटणांचा साधा फोन आणि नवं सिम आणलं होतं. डबडं आता कपाटात पडून आहे, ओटीपी माझे मीच वाचतो, टँकरची वेळही मीच बघतो.

तिचा तो फोन पर्समध्ये असतो. वाजला की ती बाल्कनीत जाऊन बोलते. आणखी कुठे अर्ज केलेत का, ते मला माहीत नाही. नंबर मी एकदाच मागितला.

"तुम्हाला कशाला?" ती म्हणाली. "तुमचं फोनवाचून काही अडत नाही ना."