मला मिळालं, तिला नाही

इंदूरच्या मिला बंद पडायला लागल्या त्या दिवसांत आमच्या मिलमध्ये नवीन मशिनी आल्या, पण एकाच खात्यात. शेजारचे काका त्या खात्यात होते, ते टिकले. बाबा जुन्या खात्यात, ते घरी बसले. त्या दिवाळीत काकूंनी फराळाचा डबा पाठवला, नेहमीपेक्षा मोठा. आता दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली रीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. पण एवढ्या मोठ्या डब्यात साखर घालून द्यायची आईला लाज वाटली, आणि भरून द्यावं असं घरात काही नव्हतं. डबा आमच्याकडेच राहिला. काकूंना वाटलं, हिला राग आलाय. आईला वाटलं, यांना डब्याची पडलीये. घराला घर लागून, आणि दोघी गच्चीवर वाळवण घालायला वेगवेगळ्या वेळी जायच्या. मला आईचाच राग यायचा. खाली-पीली इतकं काय अकडून राहायचं?

काकूंना तेव्हा काय वाटलं असेल, ते मला आता या वयात कळतंय.

मी आणि माझी मैत्रीण घरबसल्या भाषांतराचं काम करतो, हिंदीचं मराठी, मराठीचं हिंदी. मागच्या वर्षी काम देणाऱ्यांनी ते भारीतलं एआय काही जणींनाच दिलं. मला मिळालं, तिला नाही. का, ते देव जाणे. माझं दिवसभराचं काम सकाळच्या चहाआधी व्हायला लागलं आणि तिच्याकडे येणारं काम आटलं. मी म्हटलं, "अगं, तुझी पानं मला पाठव ना. मशीनच करणार, मेरा क्या जाता है."

तिने एकदा पाठवली. मग तिचे फोन यायचे थांबले. मी केला तर म्हणायची, "काम फार आहे गं." काम कुठलं, डोंबलाचं. मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. अख्खी दुपार मोकळी आणि बोलायला कुणी नाही. खरं सांगते, फार एकटं वाटायला लागलं.

शेवटी एका दुपारी न कळवता बडा गणपती भागात तिच्या घरी गेले. इतकी वर्षं त्या घरात मी थेट स्वयंपाकघरात शिरून माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेत आले. त्या दिवशीही तिकडेच वळले.

"तू बस ना, मी आणते," ती म्हणाली.

मी बाहेरच्या खोलीत बसले. तिने पाणी आणलं, ट्रेमध्ये, ग्लासाखाली बशी ठेवून.