शाहीन मॅडम आणि आठ बटणांचं कुलूप

शाहीन मॅडमच्या थर्मासमध्ये चहा कधीच नसायचा. दर सोमवारी सकाळी अकोल्याहून अमरावतीला येणाऱ्या एसटीत त्या तो थर्मास मांडीवर धरून बसायच्या, तान्हं मूल धरावं तसा. एकदा मीही त्याच गाडीत होतो. शेजारच्या बाईंनी चहाची चौकशी केली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "चहा नाई बाई, एन्झाइम हाये. गरम झालं का मेलं." मग एन्झाइम म्हणजे काय, ते डीएनएचे तुकडे कसे जोडतं, एका तुकड्याच्या लाखो नकला कशा काढतं, हे सगळं त्यांनी त्या बाईंना बडनेऱ्यापर्यंत समजावलं. उतरताना बाईंनी आपला ओला रुमाल थर्मासभोवती गुंडाळून दिला.

त्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मी गणित. कपाशीचं बोगस बियाणं गावोगावी विकलं जात होतं, तेव्हाची ही गोष्ट. शेतकऱ्यांनी आणलेली सरकी खरी की खोटी हे डीएनएवरून तपासायला मॅडमनी मोठ्या खटपटीनं एक छोटी प्रयोगशाळा उभी केली होती. पण भारनियमन इतकं की कॉलेजचा फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. म्हणून महागडी एन्झाइम्स अकोल्यात, जुन्या शहरातल्या त्यांच्या मामूंच्या आइस्क्रीमच्या दुकानात राहायची. तिथे जनरेटर होता. डीप फ्रीजरमध्ये एका बाजूला मटका कुल्फी आणि दुसऱ्या बाजूला मॅडमच्या इवल्याशा कुप्या. मामूंनी त्या कप्प्यावर उर्दूत आणि मराठीत लिहून ठेवलं होतं, "हात लावू नये, शाहीनचं आहे."

एक दिवस मी वर्गात गुप्तलेखन शिकवत होतो. मॅडम दाराशी येऊन कधी उभ्या राहिल्या ते कळलं नाही. मी मुलांना सांगत होतो की संदेशाला कुलूप लावलं की ते फोडायला एकेक किल्ली लावून पाहावी लागते, आणि किल्ल्या इतक्या असतात की संगणकही थकतो. तास संपल्यावर त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"सर, एकेका किल्लीले काहून विचारता? सगळ्याइले एकदम विचारा ना."

मी म्हटलं, एकदम कसं विचारणार? तर त्या जिन्याच्या पायरीवरच बसल्या आणि खडूनं फरशीवर आकृती काढायला लागल्या. अमेरिकेत कुणी तरी परीक्षानळीत डीएनएकडून गणित सोडवून घेतल्याचं त्यांनी वाचलं होतं. किल्ली म्हणजे ओळीनं लावलेली बटणं, काही चालू, काही बंद. चालू बटणासाठी डीएनएचा एक तुकडा, बंदसाठी दुसरा. हे तुकडे नळीत टाकले की ते आपसात जुळून शक्य तेवढ्या सगळ्या किल्ल्या एका थेंबात तयार होतात. मग चुकीच्या किल्ल्या धुऊन टाकायच्या. उरेल ती खरी. मीही त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. मुलं आमच्याभोवतीनं वाट काढत जात होती आणि आम्हाला त्याचं भान नव्हतं.

ठरलं असं की मी आठ बटणांचं एक कुलूप तयार करायचं, किल्ली मनात ठेवायची, आणि मॅडमना फक्त काही शब्द व त्यांची कुलूपबंद रूपं द्यायची. त्यांवरून किल्लीनं पाळायच्या अटी निघत होत्या. एका अटीला एक धुणं. आठ बटणं म्हणजे अगदीच खेळण्यातलं कुलूप, संगणकानं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं असतं. स्टाफरूममध्ये थट्टा सुरू झाली. मॅडम आता बँका फोडणार, असं कुणी म्हणालं. मॅडम हसून एवढंच म्हणायच्या, "पाहू तर द्या." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना तेच.

पहिला प्रयोग वीज गेल्यानं वाया गेला. दुसऱ्या वेळी नळीत काहीच उरलं नाही, बहुधा खरी किल्लीही धुऊन गेली. तिसऱ्या प्रयोगाची तयारी झाली तेव्हा थर्मासमध्ये शेवटची कुपी होती. नवी यायला कितीतरी आठवडे लागणार होते. त्याच सकाळी दर्यापूरकडचे मारोतराव नावाचे एक शेतकरी पाच-सहा जणांना घेऊन आले. गावातल्या बहुतेकांनी एकाच दुकानातून सरकी घेतली होती, पाकिटांवरची छपाई त्यांना संशयास्पद वाटत होती आणि पेरणी तोंडावर आली होती.

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. टेबलावर मांडलेल्या आमच्या नळ्या त्यांनी बाजूला सारल्या आणि सरकी भिजवायला घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निकाल मिळाला. जे गुण पाकिटावर छापले होते त्यांचा बियाण्यात मागमूस नव्हता. गावानं पाकिटं परत केली, दुकानदाराला दुसरं बियाणं द्यावं लागलं आणि पेरणी वेळेत झाली. मी मात्र मनातून हिरमुसलो होतो. ते ओळखून त्या म्हणाल्या, "तुमचं कुलूप कुठी पळून नाई जाऊन राहिलं, सर. पाऊस थांबत नसते."

नवी कुपी आली तेव्हा शेतांत कपाशी गुडघ्याला लागली होती. या वेळी मॅडमनी सगळं नव्यानं आखलं. डीएनएला पकडणारे लोखंडी कणांचे सूक्ष्म मणी, नळीला बाहेरून लावलेलं लोहचुंबक, एक धुणं, दुसरं धुणं. अखेरीस डीएनएचे तुकडे वेगवेगळे करून दाखवणाऱ्या जेलच्या पातळ वडीवर नारिंगी रेघा उमटल्या आणि मॅडम एकेक बटण मोठ्यानं वाचू लागल्या. चालू. बंद. बंद. चालू. प्रत्येक उत्तर बरोबर येत होतं. पण पाचव्या बटणापाशी दोन्ही रेघा होत्या, चालूचीही आणि बंदचीही, सारख्याच फिकट.

मला राहवेना. मी तोंड उघडलं तोच त्यांनी हातमोजा घातलेला हात वर केला.

"सांगू नका सर. तुमी सांगतलं तर ते तुमचं उत्तर होईन."

अंदाजानं सांगायलाही त्या तयार नव्हत्या. उरलेला थेंब त्यांनी पुन्हा धुतला, त्यातल्या डीएनएच्या पुन्हा नकला काढल्या, पुन्हा जेल चालवलं. मी व्हरांड्यात येरझारा घालत होतो आणि वीज जाऊ नये म्हणून आयुष्यात प्रथमच मनोमन प्रार्थना करत होतो. वीज टिकली. त्यांनी हाक मारली तेव्हा पाचव्या जागी एकच रेघ होती, स्वच्छ. "बंद," त्या म्हणाल्या आणि पुढची तीनही बटणं वाचून माझ्याकडे वळल्या. आठही बरोबर होती. मी होकारार्थी मान हलवली आणि स्टुलावर बसलो. मॅडमनी हातमोजे काढून टाळ्या वाजवल्या, आपल्यासाठी नव्हे, त्या नळीसाठी. मग मामूंना फोन लावून सांगितलं की उघडलं. काय उघडलं ते न विचारता मामूंनी दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना कुल्फी फुकट वाटली.

विद्यापीठात त्यांचं व्याख्यान झालं. आता बँकांची कुलपंही फुटतील का, असं एका मुलीनं विचारलं. मॅडम जराही न बिचकता नाही म्हणाल्या. एकेक बटण वाढलं की डीएनए दुप्पट लागतो. जुन्या पद्धतीच्या कुलपाच्या साऱ्या किल्ल्या बादलीत मावतील, आजच्या कुलपाच्या काटेपूर्णा धरणातही मावणार नाहीत. सभागृहात हशा पिकला, आणि व्याख्यान संपल्यावर त्यांच्याभोवती अशी गर्दी झाली की मला जवळही जाता येईना.

पुढे हैदराबादच्या एका बियाणे प्रयोगशाळेनं त्यांना बोलावून घेतलं. बडनेऱ्याला रेल्वेगाडीत बसवून द्यायला मी गेलो होतो. मी सहज म्हणून गेलो की आपण एवढी धडपड केली, पण एवढ्याशा कुलपाची जगात कोण आठवण ठेवणार?

"जगाचं जाऊ द्या, सर," खिडकीच्या गजांतून त्या म्हणाल्या. "तुमी मनात लपवलेली गोष्ट मी थेंबभर पाण्याले विचारली, अन् त्यानं खरी सांगतली. याच्याहून मोठं काय पायजे माणसाले?"

गाडी हलली. मी खिडकीच्या बरोबरीनं चालत राहिलो. प्लॅटफॉर्म संपला तिथे एक हमाल मला विचारू लागला की साहेब, एकटेच का हसताय.