दत्तारामाच्या हातामागचा सिनेमा

नवघरच्या बाजारात कमळाबाईकडे मासळी घ्यायला गेलं की बातम्या फुकट मिळतात. बोंबील ताजे असतीलच असं नाही, बातमी मात्र फडफडती. तरी तिच्या स्वतःच्या नवऱ्याची बातमी तिला सगळ्यात शेवटी कळली, आणि तीही एका गिऱ्हाइकाकडून. ते गिऱ्हाईक मी नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो. मी शेजारी उभा राहून कोलंबी निवडत होतो.

नवरा म्हणजे दत्ताराम. उत्तनजवळच्या चौक गावचा, कोळ्याचा पोरगा; पण होडीत पाय ठेवला की पोटातलं सगळं बाहेर. शेवटी बाप कंटाळून म्हणाला, ‘जा, शाळंत घंटा वाजव.’ आणि हा खरोखरच भाईंदरातल्या एका कॉलेजात शिपाई लागला. वल्ही मारायला म्हणून मिळालेले ते सुपाएवढे पंजे घंटा बडवण्यात आणि खडू वाहण्यात गेले. पोरं त्याला दत्तामामा म्हणायची. त्याला खोटं बोलता येत नसे. हा त्याचा गुण, असं आम्ही म्हणायचो. कमळाबाईचं म्हणणं वेगळं. ‘यांना साधी थाप मारता येत न्हाय, काका. उशीर का झाला विचारलं तर म्हनतात, उशीर झाला म्हणून. असल्या मानसाशी बोलायचं तरी काय?’

दोन हजार सहाच्या सुमाराची गोष्ट. कॉलेजात प्रोजेक्टर आला आणि स्वप्नील नावाच्या तरुण प्राध्यापकाने फिल्म क्लब काढला. शनिवारी दुपारी देशोदेशीचे सिनेमे. उद्घाटनाला प्राचार्य मृणालिनीबाईंनी दणदणीत भाषण केलं. ‘आमच्या कॉलेजात सेन्सॉर नाही! तरुणांनी सगळं बघावं, सगळं बोलावं!’ टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत बाई केबिनमध्ये गेल्या आणि दत्तारामला बोलावून म्हणाल्या, ‘तू प्रोजेक्टरपाशी बसायचं. मी खोकले की भिंगापुढे हात धरायचा. पुन्हा खोकले की काढायचा. आणि हे आपल्या दोघांत.’

‘बरं म्याडम,’ दत्ताराम म्हणाला.

वर्षभर छान चाललं. पडद्यावर दोघं जरा जवळ सरकली की पहिल्या रांगेतून ‘खुक्’. पडदा काळा. पुन्हा ‘खुक्’, तोवर ती दोघं आपापली बटणं लावून कामाला लागलेली. पोरं हुर्यो करायची. त्यांना वाटायचं, मामाच लाजतो आणि हात घालतो. पण हाताआड काय झालं असेल हे ज्याला त्याला ठाऊक, त्यामुळे कुणाचं काही अडत नसे.

आणि मग तो शेळीचा सिनेमा आला. कुठल्याशा बर्फाळ देशातला. एक म्हातारा शेळी विकायला निघतो, वाटेत एका म्हातारीकडे चहा पितो आणि शेळी न विकताच घरी येतो. संपला. थंडी इतकी की शेळीच्यासुद्धा अंगावर घोंगडी. याहून सोज्वळ काय असणार?

पण त्या दिवशी मृणालिनीबाईंना सर्दी झालेली.

म्हाताऱ्याने दार वाजवलं. खुक्! पडदा काळा. खुक्! म्हातारा मिशी पुसतोय. पोरं सरसावून बसली. म्हातारी शेळीची दोरी धरून आत निघाली. खुक्! पुन्हा अंधार. उजेड झाला तेव्हा शेळी बाहेर आणि म्हातारी केस बांधतेय. शिट्ट्यांनी सभागृह दणाणलं. बाई ‘नको, नको’ म्हणून हात हलवताहेत, पण अंधारात दिसणार कुणाला, आणि तोंड उघडलं की बाहेर पडायचा तो खोकलाच. दत्ताराम इमानदारीने कानांवर काम करतोय.

बाहेर पडल्यावर क्लबची सेक्रेटरी क्षितिजा त्याला आडवी आली. ‘मामा, तुम्ही एकट्यानेच बघितलंत. हातावर काय दिसत होतं?’

‘रंग.’

‘कसला?’

‘पिवळा. मंग जरा निळा.’

भिंगाच्या इतक्या जवळ चित्र उमटत नाही हो, नुसता उजेड सांडतो. तो खरं तेच सांगत होता. पोरं म्हणाली, ‘बघा, मामा लाजतोय!’

सोमवारपर्यंत गोष्ट रिक्षा स्टँडवर पोचली, आणि तिथून बाजारात. एका गुजराती गिऱ्हाइकाने पापलेट दाबून बघता बघता विचारलं, ‘कमळाबेन, आपके वो तो हथेली पे पिक्चर देखते हैं ना? अकेले-अकेले?’

कमळाबाईचा कोयता हवेतच राहिला. मी कोलंबी तशीच टाकून जवळ सरकलो.

घरी तिने ताट मांडलंच नाही. ‘हातावर बघता ना? मंग हातावरच जेवा.’

‘अगो, म्याडमला सर्दी झालेली,’ दत्तारामने खोकल्याची खूण वगैरे सगळं सांगून टाकलं.

‘येवढी शिकलेली बाई, शेळी बघून खोकंल? मना खुळी समजता?’

आठवडाभर तो कँटीनचा वडापाव खात राहिला. शेवटी बाईंकडे गेला. ‘म्याडम, येकदा बिनहाताचा दाखवा. बायकोने बघितला का माझं ताट चालू होईल.’

‘दत्ताराम, मी खोकले होते असं कुठे बोललास का?’

‘पन तुमी खोकलात.’

‘ती सर्दी होती.’

‘आनि वर्षभर?’

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. दत्ताराम बाहेर आला तो आणखीच गोंधळून. कुठला खोकला खरा, हेच त्याला कळेना.

दाखवायला लावला तो परेशने. हा आमच्याकडचा होतकरू पुढारी. संस्कृती बुडाली म्हणत पोरं घेऊन कॉलेजच्या फाटकावर आला. घोषणा काय? ‘हात काढा! काय लपवलंत ते दाखवा!’ आतून क्षितिजाची मंडळी अभिव्यक्तीसाठी ओरडत होती, ‘हात काढा!’ मधला हवालदार चक्रावला. ‘दोघांना एकच पाहिजे, तर भांडताय कशाला?’ दोन्हीकडच्यांनी त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं. कारण मात्र कुणालाच सांगता आलं नाही.

पुढच्या शनिवारी सगळ्यांसाठी खेळ लागला. कमळाबाई गजरा माळून आली आणि माझ्या शेजारी बसली. दत्तारामला पुढे बसवून दोन्ही हात मांडीखाली घ्यायला लावले होते. मृणालिनीबाई तोंडात खडीसाखर धरून.

म्हाताऱ्याने दार वाजवलं. चहा घेतला. मिशी पुसली. शेळी आत गेली, घोंगडी बदलून बाहेर आली. वाऱ्याने म्हातारीचे केस सुटले, तिने बांधले. संपला.

मग परेश उठला. ‘कापलाय!’

‘कापलाय!’ क्षितिजा ओरडली. दोन्ही बाजूंचं एकमत झालेलं मी तेव्हाच पाहिलं. स्वप्नील सर तीच डिस्क हलवून शपथा घेत होते. ऐकतंय कोण?

कमळाबाई माझ्या कानाशी आली. ‘काका, मधलं कुठं गेलं?’

‘मधलं हेच होतं.’

‘तुमी पन त्यांच्यातलेच.’

त्या संध्याकाळीही ताट नाही. पुढचं तिनेच मला सांगितलं, बोंबील साफ करता करता. दत्ताराम भिंतीला टेकून आपल्या पंजाकडे बघत बसला. मग हळूच म्हणाला, ‘ती म्हातारी... त्याची जुनी ठरलेली हुती.’

कमळाबाईने मान वळवली. ‘मंग?’

‘लगीन मोडलेलं. आत गेल्यावर तिने त्याचा हात धरला.’

‘आनि?’

‘आनि... शेळीने बघितलं.’

कमळाबाई खदखदा हसली. ताट मांडलं, वर तळलेले दोन बोंबील. ‘येवढं सांगायला इतके दिवस लावले?’

आता बाजारात तो सिनेमा कमळाबाई सांगते. दर खेपेला थोडा वाढलेला असतो. परवा म्हातारीला एक मुलगीही झाली होती. परेश आणि क्षितिजा, दोघांनीही ‘आम्ही म्हणत होतोच’ असं सगळीकडे सांगितलं. फिल्म क्लब बंद पडला.

मी दत्तारामला बाजूला घेऊन विचारलं, ‘अरे, मी दोन्ही डोळ्यांनी बघितलाय तो सिनेमा. हात धरलेला कुठे होता?’

त्याने तळवा उघडून उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

‘न्हवता, काका,’ तो म्हणाला. ‘पन पिवळ्यानंतर जरा निळा आला ना, तवा मना पन आता वाटतंय... काहीतरी हुतं.’