दोन पगार, एक अर्ज

जवसाच्या चटणीचा वास आला की हिंगोलीतल्या त्या कॉलेजचं ऑफिस आठवतं. दिवसा मी तिथं शिकवायचो आणि संध्याकाळी औंढ्याच्या एका दवाखान्यात औषधं द्यायचो. दोन्हीकडे आपापलाच पगार धरल्यामुळे टॅक्स कमी कापला जायचा आणि राहिलेला वर्षाअखेर एकदम भरावा लागायचा, म्हणून दवाखान्याचा पगारही कॉलेजात दाखवायचा अर्ज मी दुपारी डबा खात बसलेल्या म्हाताऱ्या क्लार्कपुढे ठेवला. कुणी मागितल्या नव्हत्या, तरी त्यात मी दोन्ही नोकऱ्यांच्या वेळा लिहिल्या होत्या. त्यांनी त्या बोट ठेवून वाचल्या. "टॅक्स बराबर कापतो सर. पण तुमी जेवता कवा?" त्यांनी अर्धी भाकर, चटणी माझ्याकडे सरकवली. आता नोकरी एकच आहे, टॅक्स बराबर कापला जातो आणि मी रोज वेळेवर जेवतो, एकटाच.