तिने पाहिलेल्या माझ्या गालाच्या पेशी

कांदा चिरताना आतला पातळ पापुद्रा बोटाला चिकटला, की मला हिंदी मुलखातल्या, बूढ़ापारा वस्तीतल्या आमच्या शाळेची प्रयोगशाळा आठवते. आयोडीनचा वास, खिडकीखालच्या स्कूटर आणि दोघींत मिळून एक सूक्ष्मदर्शक. वनस्पतीची पेशी कांद्याच्या पापुद्र्यात पाहायची, प्राण्याची आपल्याच गालाच्या आतून काडीने खरवडून घ्यायची. गुण परीक्षेत धरले जाणार होते. माझी जोडीदारही माझ्यासारखीच मूळच्या विदर्भातल्या घरातली होती, आणि आम्ही बौद्ध आहोत हे तिला ठाऊक होतं. "तू कांदाच कर," ती म्हणाली, "तुह्या तोंडातलं मी काहून पाहू?" "नको पाहू. तुले जमते तर तुहं दाखव," मी म्हटलं. कांद्याच्या पेशी विटांसारख्या ओळीत दिसल्या. तिने गाल खरवडला, घाईत वरची काच टाकली आणि जाड काळ्या कडेचे गोल वहीत काढले. मॅडमनी डोळा लावला आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ये तो हवा के बुलबुले हैं! जानवर की सेल में दीवार कहाँ से आई?" तोवर मी माझाही गाल खरवडून, निळा रंग टाकून काचपट्टी तयार ठेवली होती. पातळ कडेच्या, कशाही विखुरलेल्या पेशी, प्रत्येकीत एक गडद ठिपका. "इसका देखकर बनाओ, नहीं तो ज़ीरो," मॅडम तिला म्हणाल्या. तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. मी जागेवरून हलले नाही. मग ती माझ्या कोपराला खेटून वाकली आणि माझ्या गालाच्या पेशी बराच वेळ पाहत राहिली. त्या दिवसानंतर आम्ही एकमेकींशी कधी बोललो नाही. आज इतक्या वर्षांनीही तिचं ते वाकलेलं डोकं आठवलं की मला बरं वाटतं.