हैद्राबादचा परसों

आमच्या शाळेच्या सहलप्रमुख सरांना थेट स्वर्गात नेलं असतं, तरी त्यांनी आधी तिथल्या जिन्याला कठडा आहे का ते पाहिलं असतं आणि मुलांना बाहेरच थांबवलं असतं. सहलीची जागा आधी जाऊन तपासणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की सलग तीन वर्षं सहलच निघाली नाही. झोपाळ्यावर स्वतः बसून बघायचे. देह चांगला दणदणीत, एक झोपाळा त्यांनीच मोडला आणि "बघा, मोडतो!" म्हणून ती जागाच बाद केली. विहीर दिसली की दोर सोडून खोली मोजायचे, स्वयंपाक्याची नखं बघायचे. देश खुला झाला, हैद्राबादेत आमच्या गौलीगुड्यात घरोघरी केबल आली, आमची मुलं मात्र फाटकाबाहेर पडेनात. माझी दहावीची बेचाळीस मुलं सहलीविनाच शाळा सोडणार, या विचाराने मी रडकुंडीला आले होते.

म्हणून त्या वर्षी जागा मीच पाहून आले. जुन्याच आमराईला रंग फासून 'रिसॉर्ट' अशी पाटी लावलेली, तळ्यावर झुलता पूल. दोर कधी बदलले विचारलं, तर रखवालदार म्हणाला, "परसोंच बदले, मॅडम." मी पुण्याची. परसों म्हणजे परवा, एवढं हिंदी मलाही येतं!

सहलीच्या दिवशी मुलं बसमधून उतरायच्या आत सरांनी रखवालदाराला गाठलं. "कौनसे परसों, मियाँ?"

"वोइच साब, मेरी शादी के पहले."

शेजारी त्याची मुलगी उभी होती, माझ्याएवढी उंच.

"बाई, हा हैद्राबादचा परसों," सर म्हणाले. "इथं होऊन गेलेलं सगळंच परसों असतंय."

मग स्वतः पुलावर जाऊन तीनदा उड्या मारल्या. काही झालं नाही. पोरांनी खिडक्यांतून टाळ्या पिटल्या.

"आज नाही तुटला," सर म्हणाले. "चला परत."

"सर, पाया पडते. मी एकालाही पुलाजवळ जाऊ देणार नाही."

"बेचाळीस पोरं आहेत, बाई. हात दोनच तुम्हाला."

परतीच्या वाटेवर कुणी गाणं म्हटलं नाही. मागे मुली मुसमुसत होत्या. मला तर त्या माणसाचं तोंड बघवेना. शाळेपाशी सर बसच्या दाराशी उभे राहून एकेक डोकं मोजत होते. "सगळे आले," म्हणाले, आणि इतके खूश दिसले, की माझा आणखीच जळफळाट झाला.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाला दहावीच्या मुलांना मुद्दाम बोलावलं होतं. एकही फिरकला नाही. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर मी घसा बसलाय म्हणाले. घसा अगदी ठणठणीत होता.